ताबोरची सामाईक तिजोरी: पैसा कुठून आला, कसा वाटला, का आटला?

पानगळ

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) हुसपंथी उठावावर दोन तासांचं सत्र आहे आणि ताबोरचा भाग माझ्याकडे आहे. मोठी चौकट हाताशी आहे. ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने यान हुस या चेक धर्मसुधारकाला जाळलं. ३० जुलै १४१९ रोजी यान झेलिव्हस्की या जहाल पाद्र्याच्या अनुयायांनी प्रागच्या नव्या शहरात नगरसेवकांना नगरभवनाच्या खिडक्यांतून खाली फेकलं. १४२०च्या वसंतात ताबोर हे जहाल हुसपंथीयांचं शहर वसलं आणि ३० मे १४३४ला लिपानीच्या लढाईत त्याची ताकद मोडली.

अडतंय ते आतल्या कारभाराशी. ‘ताबोरमध्ये माझं-तुझं काही नव्हतं, सगळं सगळ्यांचं होतं’ हे वाक्य जिकडेतिकडे सापडतं आणि मजकूर तिथेच संपतो. मला त्याच्या पुढचं हवं आहे. लोकांनी आपली मिळकत कुठे जमा केली? ती कोणाच्या ताब्यात होती? शेतकऱ्यांचा खंड खरंच माफ झाला का, आणि झाला असेल तर किती दिवस? उपासनेत आणि सैन्यात ही समता दिसत होती, की ती प्रवचनापुरतीच होती? ‘माणूस मुळातच स्वार्थी, म्हणून मोडलं’ एवढ्या उत्तरावर गटातलं कोणी समाधान मानणार नाही, मीही नाही.

तळघर

तिजोरीच्या आधी जागा बघू, कारण समतेची सुरुवात जागेपासून होते. २१ फेब्रुवारी १४२०, म्हणजे राख बुधवार. आदल्या रात्री उपवासकाळापूर्वीचं खाणंपिणं उरकून सेझिमोवो ऊस्ती हे गाव झोपलं होतं. पेत्र ह्रोमाद्का हा घंटा ओतणारा कारागीर आणि काही धर्मगुरू यांच्या मागे आलेल्या जमावाने ते पहाटेच घेतलं. पण गाव सपाटीवर, बचावाला वाईट. म्हणून ही मंडळी जवळच्या ह्रादिश्त्ये नावाच्या ओसाड गढीवर सरकली. तिथे लुझ्नित्से नदी आणि तिस्मेनित्से ओढा यांच्या मधे उंच सुळका आहे आणि तीन बाजूंनी उतार. ३० मार्चला त्यांनी ऊस्ती जाळून टाकलं. बचावाच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण त्याचा आणखी एक परिणाम झाला. ज्यांची ऊस्तीत चांगली घरं होती तेही आता इतरांसारखेच उघड्या माळावर आले. जुन्या शहरात समता आणायची तर कोणाचं तरी घर काढून घ्यावं लागतं. इथे घरंच नव्हती.

आता जमा कुठे केली ते. मोठी लाकडी पिंपं ठेवली होती. पीसेक, वोद्न्यानी आणि ताबोर या तीन ठिकाणी ती असल्याची नोंद आहे. येणाऱ्याने आपला पैसा त्यात टाकायचा आणि पाद्र्यांनी नेमलेल्या माणसांनी गरजेप्रमाणे वाटायचा. आधार बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा: विश्वासणारे जमिनी आणि घरं विकून आलेली रक्कम प्रेषितांच्या पायाशी ठेवत आणि ज्याला जशी गरज तसं वाटप होई. त्याच पुस्तकात लगेच पुढे हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट आहे, ज्यांनी विक्रीतला काही भाग लपवून ठेवला आणि जागच्या जागी मेले. त्यामुळे पिंपात सगळं न टाकणं हा नुसता नियमभंग राहिला नाही, ते देवाला फसवणं ठरत होतं.

पीसेकच्या पिंपाशी मातेय लौडा या माणसाचं नाव जोडलेलं आहे. जुन्या चेक बखरींमध्ये त्याच्यावर आणि पिंप सांभाळणाऱ्या पाद्र्यांवर अफरातफरीचा आरोप येतो. बखरकार विरोधी गटाचे होते, तेव्हा आरोप जसाच्या तसा घेऊ नका. पण त्यातून एक गोष्ट कळते: हिशेब बघणारे थोडे आणि टाकणारे हजारो, अशी ती व्यवस्था होती.

आता मूळ दुखणं. पिंपात पडणारा पैसा घर, जमीन, गुरं विकून आलेला होता, आणि घर एकदाच विकता येतं. शिवाय एका वेळी एवढे लोक विकायला निघाले की भाव पडणारच. लोकांनी घरं मातीमोल भावाने विकून बायकामुलांसह डोंगर गाठल्याचं त्या काळचे लेखक सांगतात. म्हणजे पिंप एकदा भरलं, आणि पुढच्या वर्षी भरायला काही राहिलं नाही. नांगर धरणारे हात गढीच्या भिंती बांधत होते किंवा लढत होते. ताबोरमध्ये वाटपाची सोय होती, पण सामाईक शेती नव्हती आणि सामाईक कारखाना तर नव्हताच. मोडण्याचं कारण शोधायचं असेल तर माणसाच्या स्वभावाआधी इथे बघा.

वाळवंट

तळघर यांच्याशी सहमत, एक भर घालतो. पुढच्या वर्षाची तजवीज का केली नाही याला कारण आहे. पुढचं वर्ष येणारच नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं.

१४१९च्या उन्हाळ्यात दक्षिण बोहेमियातल्या डोंगरांवर प्रचंड मेळावे भरत होते. बेखिन्येजवळच्या एका डोंगराला त्यांनी बायबलमधल्या ताबोरचं नाव दिलं. २२ जुलैच्या मेळाव्याला ४० हजारांवर लोक होते असं समकालीन लेखक सांगतात. आकडा फुगवलेला असेल, पण मेळावा फार मोठा होता यात शंका नाही. तिथे दिवसभर प्रवचन, पापकबुली, भाकर आणि द्राक्षारस दोन्हींचा प्रसाद, मग आणलेलं अन्न सगळ्यांनी वाटून खायचं, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, असा क्रम होता. खेळ, नाच, दारू यांना मज्जाव. सामाईक पिंपाचं बीज या जेवणात आहे. एका दिवसाची शिदोरी वाटून घेणं सोपं असतं, ती वर्षभर वाटायची तर शिदोरी भरणारा कोणीतरी लागतो.

हिवाळ्यात छळ वाढला. कुत्ना होराच्या जर्मन खाणमालकांनी हुसपंथीयांना पकडून खाणींच्या खोल विहिरींत ढकललं. त्याच काळात काही पाद्र्यांनी भाकीत केलं की १० ते १४ फेब्रुवारी १४२० या दिवसांत देवाचा कोप होऊन जग भस्म होईल आणि फक्त पाच शहरांत आश्रय घेणारे वाचतील: प्लझेन, झातेत्स, लोउनी, स्लानी, क्लातोव्ही. लोकांनी घरं विकली ती या हिशेबाने. मिळालेल्या भावाची फिकीर कोण करणार?

ते दिवस गेले, काहीच झालं नाही. मग मांडणी बदलली: ख्रिस्त गुप्तपणे आलेलाच आहे, आता पापी जगाची साफसफाई त्याच्या भक्तांनीच करायची. त्या नव्या राज्यात राजा नसेल, धनी नसेल, कूळ नसेल, सगळी देणी आणि कर बंद होतील. समतेची सगळ्यात धारदार वाक्यं याच काळातली आहेत आणि तलवारीचं सगळ्यात उघड समर्थनही याच काळातलं आहे. सत्रात ही दोन्ही एकत्र ठेवा. एक उचलून दुसरं गाळलं तर ताबोर समजत नाही.

उपासनेबद्दल विचारलंय, तिथे समता खरोखर डोळ्यांना दिसत होती. ताबोरचा पाद्री रोजच्या कपड्यांत उभा राही. भरजरी झगा नाही, डोक्यावर मुंडण केलेलं वर्तुळ नाही, उलट दाढी राखलेली. वेदी नको, साधं मेज चालेल. सोन्याचा पेला नको, कथलाचा, मातीचा, लाकडी कसलाही चालेल. आधी सगळे जमिनीला तोंड लावून प्रभूची प्रार्थना म्हणत. मग एक पाद्री उठून भाकर आणि द्राक्षारसावरचे शब्द चेक भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, स्वतः घेई, इतर पाद्र्यांना आणि मग लोकांना देई. लहान मुलांनाही. शुद्धिस्थळ (मेल्यावर आत्म्याची पापं जिथे धुतली जातात ती जागा), संतांची मध्यस्थी, प्रतिमापूजा, ठरीव उपवास हे सगळं त्यांनी काढून टाकलं. कॅथलिक मिस्सेत पाद्री लॅटिनमध्ये पुटपुटत असे आणि पेला फक्त तोच पीत असे. त्याच्या शेजारी हे ठेवून बघा, म्हणजे झगा उतरवण्यावरून एवढं रक्त का सांडलं ते लक्षात येतं. प्रागच्या मवाळ हुसपंथी प्राध्यापकांना पेला हवा होता, झगा सोडायचा नव्हता. दोन गटांतली कितीतरी वर्षांची भांडणं या झग्यावरून झाली आहेत.

सप्टेंबर १४२०मध्ये ताबोरच्या पाद्र्यांनी रोमला न विचारता आपल्यातूनच पेल्हर्झिमोव्हचा मिकुलाश हा बिशप निवडला. म्हणूनच त्याला पुढे बिस्कुपेत्स म्हणत. प्रेषितांपासून हातावर हात ठेवत आलेली परंपरा तोडून बिशप निवडणं ही त्या काळात राजा निवडण्याइतकीच मोठी गोष्ट होती.

पानगळ

दोघांचे आभार, हेच हवं होतं. खंडाचं मात्र राहिलं. आणि निवडणूक पाद्र्यांनी केली, मग लष्करी सत्ता कोणाकडे होती?

तळघर

बोहेमियात खंड वर्षातून दोनदा भरायचा: संत जॉर्जच्या दिवशी २४ एप्रिलला आणि संत गालच्या दिवशी १६ ऑक्टोबरला. १४२०च्या वसंतात ताबोरच्या पाद्र्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं होतं की आता जमीनदाराला काही देणं लागत नाही. त्या वर्षीचा संत गालचा दिवस आला आणि ताबोरने स्वतःच आपल्या हाताखालच्या गावांतून खंड गोळा केला. घोषणेपासून वसुलीपर्यंत सहा-सात महिने, एवढंच माफीचं आयुष्य.

त्यातही सगळ्यांत वाईट हाल सीमेवरच्या गावांचे झाले. जुना धनी अजून किल्ल्यात बसलेला, तो खंड मागणारच. दुसरीकडे ताबोरचे लोक येऊन संरक्षणाच्या नावाखाली वेगळी रक्कम घेणार. मराठी वाचकाला हे समजावायला चौथाई पुरेशी आहे: मुलूख दुसऱ्याचा, वसूल आपला, आणि रयत दोन्हीकडून देते. पुढे ताबोरच्याच पाद्र्यांच्या एका सभेने तक्रार केली की आपल्या वस्त्या आजूबाजूच्या गरिबांना जुलमी राजांसारख्या पिळतात, खऱ्या विश्वासणाऱ्यांकडूनसुद्धा दयामाया न दाखवता खंड काढतात. हा कबुलीजबाब आतल्या लोकांचा आहे, म्हणून माझ्या मते सत्रात दाखवायचा सगळ्यांत वजनदार पुरावा हाच. शत्रूने लिहिलं असतं तर बाजूला ठेवता आलं असतं.

म्हणजे उत्पन्नाचा क्रम असा लागतो. आधी विकलेली घरं, मग मठांची लूट, मग खंड, आणि १४२०च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या देशांवर स्वाऱ्या. पायऱ्या सुट्या सुट्या सांगू नका, प्रत्येक पायरी आधीची आटली म्हणून आली.

लष्करी सत्ता चार हेत्मानांकडे, म्हणजे सेनापतींकडे होती: हुसचा मिकुलाश, त्रोत्स्नोव्हचा यान झिश्का, बुखोव्हचा झ्बिन्येक आणि माखोवित्सेचा ख्वाल. (मिकुलाशचा यान हुसशी नात्याचा संबंध नाही, नाव सारखं आहे एवढंच. इथे हमखास गोंधळ होतो.) चौघेही लहान सरंजामदार घराण्यांतले. धर्माने सगळे भाऊ, पण लढायचं कसं हे ज्यांना येत होतं ते त्याच वर्गातून आले. शेतकऱ्याच्या मुलाला घोडदळाशी लढायचं शिक्षण कुठे मिळणार होतं?

लोहारआळी

सैन्याचं मी सांगतो, कारण समता तिथे सर्वांत जास्त टिकली आणि ती गाड्यांमुळे टिकली.

२५ मार्च १४२०, सुदोमेर्झ. झिश्का प्लझेन सोडून ताबोरकडे निघालेला. सोबत बायकामुलं धरून सुमारे ४०० माणसं आणि १२ गाड्या. समोर जवळपास २००० घोडेस्वार. त्याने एक बाजू तळ्याच्या बांधाला टेकवली, दुसरीकडे रिकाम्या केलेल्या तळ्याचा चिखल. चिलखतातल्या घोडेस्वाराला तिथे उतरून पायी यावं लागलं, आणि चिखलात पायी आलेला चिलखतधारी म्हणजे झोडणीच्या दांड्याने लढणाऱ्या शेतकऱ्याला आयता सापडलेला माणूस. अंधार पडेपर्यंत त्यांनी तग धरला आणि नंतर ताबोर गाठलं.

पुढे गाडीची रचना पक्की झाली. एका गाडीवर साधारण १८ ते २० माणसं: दोन गाडीवान, दोन हातबंदूकवाले, सहा जण आडव्या धनुष्याचे, चार झोडणीवाले, चार लांब दांड्याच्या भाल्या-कुऱ्हाडीचे, दोन ढालवाले. झोडणी म्हणजे धान्य झोडपायचंच अवजार, फक्त टोकाला लोखंडी पट्ट्या आणि खिळे. ओढायला चार घोडे. बाहेरच्या अंगाला जाड फळी टांगलेली, चाकांच्या मधल्या पोकळीतून कोणी घुसू नये म्हणून तळाशी आणखी एक फळी. गाडीत दगडांची पेटी, कुऱ्हाडी, फावडी, कुदळी, साखळी.

मुक्कामाला गाड्या एकमेकींना तिरप्या लावून चाकाला चाक साखळीने बांधायचं, घोडे सोडून आत न्यायचे, फटींत मोठ्या ढाली उभ्या करायच्या, वेळ असेल तर बाहेर चर खणून माती चाकांवर ओढायची. शत्रू आला की आधी तोफा आणि हातबंदुका, मग बाण, अगदी अंगावर आला तर झोडणी आणि भाले. तो दमला आणि माघारी वळला की राखून ठेवलेल्या वाटेतून आपलं घोडदळ आणि पायदळ बाहेर पडून त्याला मारायचं. या शेवटच्या टप्प्यावर सगळं अवलंबून असतं. बाहेर पडायला उशीर झाला तर शत्रू निसटतो, घाई झाली तर गाड्यांचा कोट उघडा पडतो. लिपानीला नेमकं हेच झालं. मवाळ हुसपंथी आणि कॅथलिक सरदारांच्या संयुक्त सैन्याने माघारीचं सोंग केलं, ताबोरवाले कोट उघडून पाठलागाला धावले, आणि लपवून ठेवलेलं घोडदळ मधे घुसलं. ताबोरवाल्यांचा सेनापती प्रोकोप होली तिथेच पडला. शरण आलेल्यांपैकी कित्येकांना धान्याच्या कोठारांत कोंडून जाळलं.

आता समतेचा मुद्दा. गाडीवर वीस माणसांचं काम एकमेकांत अडकलेलं असतं. गाडीवान चुकला तर बंदूकवाला मरतो. तिथे कुळाचा मान चालत नाही. १४२३ सालचा झिश्काचा लष्करी नियमनामा यासाठी जरूर वाचा. त्यात लिहिलंय की शिस्त मोडणाऱ्याला शिक्षा होईल, मग तो राजपुत्र असो, सरदार, घोडेस्वार, शहरवासी, कारागीर की शेतकरी, कोणाला सूट नाही. लूट एका जागी आणून ठेवायची. सरदार, घोडेस्वार, शहरं आणि गावं या सगळ्यांतून निवडलेल्या वडीलधाऱ्यांनी ती गरीब-श्रीमंत सगळ्यांत न्यायाने वाटायची. परस्पर काही ठेवून घेणारा देवाचा आणि समाजाचा चोर, त्याला देहदंड. पिंप मोडलं, पण वाटपाचा नियम पिंपातून छावणीत गेला. मात्र हा नियमनामा झिश्का ताबोर सोडून पूर्व बोहेमियातल्या ओरेबी नावाच्या हुसपंथी गटाकडे गेला त्या काळचा आहे. त्याला ‘ताबोरचा कायदा’ म्हणू नका.

बायकांबद्दल कोणी विचारलं तर व्हितकोव्हची टेकडी सांगा. १४ जुलै १४२०. राजा सिगिस्मुंडच्या क्रुसेडी (कॅथलिक धर्मयुद्धाच्या) सैन्याने प्रागबाहेरच्या या टेकडीवर हल्ला केला, तेव्हा एक मोर्चा २६च्या आसपास पुरुष, दोन बायका आणि एक मुलगी दगड आणि भाल्यांनी धरून होते. त्यांतली एक बाई अंगावर चिलखत नसतानाही मागे हटायला तयार झाली नाही. खऱ्या ख्रिस्ती माणसाने ख्रिस्तविरोधकापुढे माघार घ्यायची नसते, असं म्हणत ती तिथेच लढत मेली. हे लिहून ठेवणारा बखरकार ब्रझेझोवाचा व्हावर्झिनेत्स ताबोरचा मित्र नव्हता, त्यामुळे नोंदीला किंमत आहे.

वाळवंट

लोहारआळी यांनी सैन्याची चांगली बाजू नेमकी मांडली. दुसरी बाजूही त्याच सत्रात यायला हवी. १२ नोव्हेंबर १४२० रोजी झिश्काच्या लोकांनी प्राखातित्से घेतलं आणि शरण आलेल्या ८५ जणांना चर्चच्या सामानखोलीत कोंडून जिवंत जाळलं. लिपानीची कोठारं सांगताना ही खोलीही सांगावी.

आणि आतली फूट. मार्टिन हुस्का हा तरुण पाद्री ताबोरमधल्या जहाल गटाचा उत्तम वक्ता. त्याचं म्हणणं असं की प्रभुभोजनातली भाकर ही भाकरच राहते, ती नुसत्या पूजेसाठी ठेवायची नाही, सगळ्यांनी मिळून प्रेमाने जेवायचं तेच खरं भोजन. डोंगरावरच्या वाटून खाल्लेल्या जेवणाचा हा सरळ पुढचा टप्पा होता. पण बिस्कुपेत्स आणि इतर पाद्र्यांना ते सोसणारं नव्हतं. १४२१च्या सुरुवातीला या गटाचे सुमारे ४०० स्त्रीपुरुष ताबोरबाहेर काढले गेले. एप्रिलमध्ये झिश्काने त्यांच्यातल्या ५०च्या आसपास लोकांना क्लोकोतीत जाळलं. हुस्काला आणि त्याचा साथी एका डोळ्याच्या प्रोकोपला (लिपानीला पडलेला प्रोकोप वेगळा) रौद्नित्सेला छळ करून २१ ऑगस्ट १४२१ रोजी पिंपात घालून जाळलं. तोवर प्रागचा आर्चबिशप हुसपंथीयांकडे आला होता, त्याच्याच ताब्यात हे घडलं. ऑक्टोबरमध्ये नेझार्का नदीतल्या बेटावर उरलेल्या आदमपंथीयांचा, म्हणजे हाकललेल्यांतल्या सगळ्यांत टोकाच्या गटाचा, नाश झाला.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, आदमपंथीयांची नग्नता आणि स्वैराचाराची वर्णनं ताबोरच्या नावावर खपवणं. ताबोरची शिस्त उलट फार कडक होती. ५ ऑगस्ट १४२०ला त्यांनी प्रागपुढे १२ मागण्या ठेवल्या, त्यांत दारूचे गुत्ते बंद करा, उंची कपडे घालू देऊ नका अशा गोष्टी आहेत. दुसरी चूक, ही वर्णनं खरी धरणं. ती लिहिणारे सगळे शत्रू आहेत आणि ज्यांच्यावर लिहिलं ते जळून गेले आहेत.

साधनांबद्दलही तेच. जहाल मतांची जी लांबलचक यादी सगळीकडे उद्धृत होते, ७०हून अधिक कलमांची, ती प्रागच्या प्राध्यापकांनी बनवली आणि १० डिसेंबर १४२०ला प्रागमध्ये पेत्र झ्मर्झ्लीकच्या घरी ताबोरच्या पाद्र्यांसमोर वाचून दाखवली. बिस्कुपेत्सने त्यावर विखारी शब्द घुसडल्याची तक्रार केली, पण मतं सरसकट नाकारली नाहीत. यादी वापरा, पण ती आरोपपत्र आहे हे सांगून वापरा.

पानगळ

शेवटचा प्रश्न. लिपानीनंतर शहराचं काय झालं? आणि खेल्चित्स्कीचं नाव ताबोरबरोबर येतं, तो नक्की कुठल्या बाजूचा?

तळघर

लिपानीपर्यंत कसं पोचलो ते आधी, कारण तिथे पुन्हा पोटाचाच प्रश्न आहे. ताबोर आणि त्याच्या साथीदारांच्या फिरत्या सैन्यांनी जुलै १४३३पासून कॅथलिक प्लझेनला वेढा दिला. महिनोन्‌महिने एका जागी बसलेल्या हजारो माणसांनी आसपासचा मुलूख खाऊन संपवला. धान्य आणायला बव्हेरियात गेलेली तुकडी सप्टेंबरमध्ये हिल्टर्सरीडला कापली गेली, छावणीत बंड झालं. दीड दशकाच्या लढाईने थकलेल्या शहरांना आणि सरदारांना आता तह हवा होता. फिरतं सैन्य तहात बसत नाही. त्याला घरी पाठवायचं तर घर कुठलं, आणि ठेवायचं तर खायला कोण घालणार? लिपानीने हा प्रश्न तलवारीने सोडवला.

ताबोर शहर मात्र उरलं. १४३७मध्ये ज्याच्याशी एवढी वर्षं लढले त्या सिगिस्मुंडनेच त्याला राजनगराचा दर्जा दिला. १४५१मध्ये एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी, पुढे दुसरा पायस म्हणून पोप झालेला, तिथे राहून गेला. वेशीवर दोन ढाली टांगलेल्या होत्या: एकीवर पेला धरलेला देवदूत, दुसरीवर आंधळा झिश्का. घरं तंबू टाकावेत तशी वेडीवाकडी, रांग नाही. पूर्वी इथे सगळं सामाईक होतं, आता ज्याचं त्याचं आहे, असं तो नोंदवतो. त्याला ताबोरचा तिटकारा होता, तरी इटलीतल्या पाद्र्यांना त्याने सुनावलं की तुम्ही नवा करार एकदाही धड वाचत नाही आणि यांच्यातली साधी बाई जुन्या-नव्या करारातून उत्तर देते. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १४५२ला, बोहेमियाचा कारभारी यिर्झी पोद्येब्रादी याच्या सैन्यापुढे शहराने दारं उघडली. बिस्कुपेत्सला कैद झाली आणि तो कैदेतच वारला.

वाळवंट

खेल्चित्स्की दक्षिण बोहेमियातला धार्मिक लेखक, ताबोरच्या पाद्र्यांशी ओळख असलेला, पण तलवारीच्या प्रश्नावर त्यांच्यापासून पूर्ण वेगळा. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे असे समाजाचे तीन वर्ग देवानेच नेमले आहेत, ही मध्ययुगाची सर्वमान्य शिकवण त्याने मुळातून नाकारली. ख्रिस्ताच्या शरीरात एक अवयव दुसऱ्याच्या घामावर जगत नाही, हा त्याचा युक्तिवाद. तो राजसत्ता, सरदार, शहरं, पाद्री सगळ्यांना लागू करतो, आणि खंड वसूल करणाऱ्या ताबोरलाही. ताबोरचा दोष त्याच्या लेखी समता मागण्यात नव्हता, ती तलवारीने मागण्यात होता. एकदा तलवार हाती घेतली की तलवारीला पोसणारा शेतकरी लागतोच.

त्याच्या विचारांतून १४५७-५८च्या सुमारास पूर्व बोहेमियातल्या कुन्व्हाल्डला बंधुसंघ उभा राहिला. सुरुवातीच्या बंधूंनी शपथ, युद्ध, सरकारी पदं सगळं वर्ज्य केलं, आणि १४६७मध्ये रोमपासून वेगळे होऊन आपले पाद्री आपणच निवडले. दोन तासांच्या सत्रात वेळ उरला तर शेवटची वीस मिनिटं झिश्काचा नियमनामा आणि खेल्चित्स्कीचा तीन वर्गांवरचा लेख समोरासमोर ठेवा. गटातली चर्चा तिथून आपोआप सुरू होईल.